पडदा, खासगी आणि सकळ लिपी : लेखगोपनाच्या इतिहासातील एक अलीकडील प्रकरण

मराठीतील 'पडदा' या शब्दाच्या अर्थाची दिशा गेल्या सव्वाशे वर्षांत पालटली आहे. मूळ फारसी 'पर्दा' हा झाकणारा. दाराला लावलेला, मेण्याला सोडलेला किंवा रंगभूमीवर दोन अंकांच्या मध्ये पडणारा पडदा पाहणाऱ्याची दृष्टी अडविण्यासाठीच असे. 'पडदा टाकणे', 'पडद्याआड', 'पडदानशीन' हे प्रयोग त्याच अर्थाचे होत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तेव्हा चित्र दाखविणारा पडदा महाराष्ट्रात यावयाचा होता. १८९० नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने काचेवरील चित्रांचे खेळ चालू केले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. आणि जे झाकण्याचे साधन होते तेच दाखविण्याचे साधन झाले. पुढे दूरचित्रवाणीस 'छोटा पडदा' म्हणण्याचा प्रघात पडला, व संगणक घरोघर आल्यावर त्याच्या दर्शनी काचेसही तेच नाव मिळाले.

संगणकाच्या पडद्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यावरील मजकूर समोर बसलेल्या एका वाचकास दाखविला जातो आणि त्याच कृतीत इतर सर्वांपासून राखला जातो. या व्यवस्थेत एक गृहीत दडलेले असते. पडद्यावर अक्षरे उमटविणारी जी यंत्राची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ती दाखविण्याचे काम करील आणि पाहिलेले विसरून जाईल, असे वाचक व लेखक दोघेही धरून चालतात. मे २०२४ मध्ये हे गृहीत उघडपणे मोडले गेले. त्यानंतरच्या वर्षभरात काही ॲपांनी खुद्द यंत्राच्या मूळ प्रणालीपासून आपल्या वाचकांचा मजकूर राखण्याचे जे उपाय योजले, त्यांचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी लेखनपरंपरेत परक्या दृष्टीपासून मजकूर राखण्याचा प्रयत्न पूर्वी झालेला असल्याने या नव्या प्रकरणाकडे त्या परंपरेच्या अंगाने पाहणे उपयुक्त ठरेल.

पुण्यात या प्रश्नाचे महत्त्व खराडीइतके अन्यत्र क्वचितच जाणवेल. नगर रस्त्यालगतचे, मुळा-मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. नंतरच्या पाव शतकात शेतजमिनींवर झेन्सारचे संकुल, ईऑन ही माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत, जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे आणि त्यांच्या आसपास गृहसंकुले उभी राहिली. येथील व्यवसाय मुख्यतः पडद्यावरचा आहे. युरोप-अमेरिकेतील बँकांची व व्यापारी संस्थांची कामे येथे बसून केली जातात. येथील कर्मचारी दुसऱ्यांचे खासगी व्यवहार आपल्या पडद्यावर वाचतो, आणि त्याने काय वाचले, किती वेळ वाचले याची नोंद त्याचा मालक ठेवू शकतो. दुपारच्या सुट्टीत त्याच यंत्रावर त्याने घरच्यांचा निरोप उघडला, तर तोही त्याच पडद्यावर उमटतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा अशा दोन भूमिका एकाच खुर्चीत आलेल्या आहेत.

पडद्यावरील मजकुराची चोरी हा विषय पुण्यास नवा नाही. एप्रिल २००५ मध्ये शहरातील एका सेवा-कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटक केली. खातेदारांशी बोलताना त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांवर वळविण्यात आल्याचा तो आरोप होता. या प्रकरणाने देशभरातील या धंद्याची झोप उडविली. कागद-पेन आत न नेणे, मोबाइल दाराशी ठेवणे, टेबलावर काहीही लिहिलेले न सोडणे हे नियम अशा कार्यालयांत कडक झाले. माहिती-तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन नाजूक वैयक्तिक माहितीची हयगय करणाऱ्या संस्थेवर भरपाईची जबाबदारी घालणारे कलम ४३-अ आले. तथापि हे सर्व नियम माणसाच्या हाताविरुद्ध होते. पडद्यावर दिसलेले माणूस उतरवून घेईल, त्याचे छायाचित्र काढील, ही भीती त्यांच्या मुळाशी होती. पडदा स्वतःच उतरवून घेऊ लागेल, ही शक्यता त्या काळच्या नियमकर्त्यांच्या विचारात आलेली दिसत नाही.

ती शक्यता २० मे २०२४ रोजी प्रत्यक्षात आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नव्या जातीच्या संगणकांसाठी 'रिकॉल' नावाची सोय त्या दिवशी जाहीर केली. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र घ्यावे, त्यातील अक्षरे व आकृती ओळखाव्यात, त्यांची अनुक्रमणी यंत्रातच साठवावी, आणि पुढे केव्हाही वापरणाऱ्याने साध्या भाषेत विचारले असता पूर्वी पाहिलेले त्याच्यापुढे ठेवावे, अशी तिची रचना होती. ही चित्रे यंत्राबाहेर जात नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते, व त्यात तथ्य होते. परंतु प्रारंभीच्या रचनेत ही अनुक्रमणी अशा स्वरूपात ठेवलेली होती की, वापरणाऱ्याच्या नावाने यंत्रात शिरकाव झालेल्या कोणत्याही उपद्रवी आज्ञावलीस ती सहज वाचता यावी. काही अभ्यासकांनी आठवड्या-दोन आठवड्यांतच ते दाखवून दिले. ७ जूनला कंपनीने ही सोय आपणहून चालू केल्याखेरीज चालू होणार नाही असे जाहीर केले. १३ जूनला तिचे प्रकाशनच लांबणीवर टाकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती परीक्षकांच्या हाती दिली. आणि साठा कुलूपबंद करून, उघडताना वापरणाऱ्याचा चेहरा वा बोटाचा ठसा पडताळण्याची अट घालून, एप्रिल २०२५ मध्ये ती सर्वसाधारण वापरासाठी खुली केली.

पहिल्या आराखड्यातील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पासवर्ड, बँकेच्या खात्याचे क्रमांक यांसारखा मजकूर ही सोय झाकणार नाही, असे त्या वेळच्या अधिकृत माहितीत स्पष्टपणे लिहिले होते. त्याच माहितीत असेही होते की, स्वामित्वहक्काने राखलेले चित्रपटादी साहित्य मात्र ती टिपणार नाही. म्हणजे घरात पाहिलेला चित्रपट निर्मात्याच्या हितासाठी राखला जाणार होता, आणि त्याच पडद्यावर टाइप केलेले घरमालकाचे गुप्त अक्षर राखले जाणार नव्हते. पुढे गुप्त क्रमांक गाळण्याची चाळणी बसविण्यात आली ही गोष्ट खरी. पण पहिल्या विचारात कोणाची आठवण झाली आणि कोणाची राहून गेली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे असे आहे.

निरोपांच्या ॲपांना हा आघात अधिक जिव्हारी लागला. सिग्नल या ॲपाची सारी प्रतिष्ठा संकेतलेखनावर उभी आहे. पाठविणाऱ्याच्या यंत्रात निरोप संकेतरूप होतो, आणि स्वीकारणाऱ्याच्या यंत्रातच तो पुन्हा साधा होतो. मध्ये कोणासही, खुद्द सिग्नल चालविणाऱ्या संस्थेसही, तो वाचता येत नाही. २०१६ पासून ठराविक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होणारे निरोपही त्यात पाठविता येतात. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने हीच संकेतपद्धती आपल्या सर्व निरोपांस लागू केली, त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबे ती नकळत वापरीत आहेत. पण संकेतलेखन वाटेचे रक्षण करते. निरोप पोचला, उलगडला, पडद्यावर उमटला, की त्याचे काम संपते. आणि रिकॉलचे काम नेमके तेथून सुरू होते.

संकेतलेखनाची ही मर्यादा ध्यानी येण्यास महानुभावांच्या पोथ्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी स्थापिलेल्या या पंथाने आपले ग्रंथ मराठीत लिहिले. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आरंभीचा थोर ग्रंथ या पंथाचाच. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत उतरविण्यास प्रारंभ केला. सकळ, सुंदरी आदी अनेक लिप्या प्रचारात आल्या. त्यांत रवळोबासांच्या नावाशी जोडलेली सकळ लिपी सर्वांत अधिक रुळली. अनधिकारी माणसाच्या हाती शास्त्र पडू नये, पाठात भेसळ होऊ नये, प्रतिकूल काळात ग्रंथ सुरक्षित राहावेत, अशी निरनिराळी कारणे अभ्यासक देतात. त्यांपैकी कोणते प्रमुख होते याचा निर्णय येथे करण्याचे प्रयोजन नाही.

भाषेच्या दृष्टीने पाहता सकळ लिपीत लिहिलेली भाषा पूर्णपणे साधी मराठी आहे. शब्द तेच, व्याकरण तेच. केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा कल्पित चिन्ह आलेले असते. याचा परिणाम असा की, पोथी मिटलेली असेतो ती पूर्ण गुप्त, आणि जाणत्या साधूने ती उघडून निरूपणास आरंभ केला की तिचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्या कोणासही समजेल असा उघड. मठाच्या भिंतीशी कान लावून बसलेल्या माणसापुढे सकळ लिपी निरुपयोगी होती. तेथे रक्षण करावयाचे ते श्रोत्यांच्या निवडीने, स्थळाच्या एकांताने आणि पंथाच्या शिस्तीने. संकेताची हद्द वाचनाच्या उंबरठ्यापाशी संपते. सिग्नलच्या बाबतीत हा उंबरठा म्हणजे पडदा होय, आणि रिकॉल हा भिंतीतच बसविलेला श्रोता होय. (मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती असा एक समज अद्याप ऐकू येतो. मोडी ही जलद लेखनाची, दप्तरातील प्रत्येक कारकुनास येणारी लिपी होती. आज ती थोड्यांनाच वाचता येते म्हणून ती गुप्त भासते इतकेच. गुप्ततेसाठी मराठीत करपल्लवी, नेत्रपल्लवी यांसारखे वेगळे संकेत होते.)

नाहीशा होणाऱ्या निरोपांचीही पूर्वपीठिका जुन्या पत्रव्यवहारात सापडते. पत्र वाचताच फाडून टाकावे, अशा सूचना मराठेशाहीतील नाजूक पत्रांत आढळतात. त्या आज आपणास वाचावयास मिळतात याचा अर्थच असा की, त्या पाळल्या गेल्या नाहीत. ज्यास पत्र गेले त्याने, अथवा त्याच्या पदरच्या कारकुनाने, ते जपून ठेवले. पाठविणाऱ्याची इच्छा कितीही स्पष्ट असली तरी पत्राचे भवितव्य स्वीकारणाऱ्याच्या दप्तरखान्यात ठरत असे. रिकॉलने या जुन्या परिस्थितीत एक भर घातली. आता स्वीकारणाऱ्याने पत्र प्रामाणिकपणे फाडले, तरी दप्तरखान्याने त्याची प्रत आधीच करून ठेवलेली असू शकते.

२१ मे २०२५ रोजी सिग्नलने आपला प्रतिकार जाहीर केला. विंडोज ११ वरील त्याच्या ॲपात 'पडद्याची सुरक्षा' आपोआप चालू राहील अशी व्यवस्था करण्यात आली. ती चालू असता सिग्नलच्या चौकटीचे चित्र कोणी घेऊ पाहिल्यास, मग ते रिकॉल असो वा दुसरे साधन, त्या जागी काहीच उमटत नाही. चित्रपटांच्या नकला होऊ नयेत म्हणून जी खूण वापरली जाते, तीच आपण आपल्या चौकटीस लावली आहे, असे सिग्नलने त्या वेळी सांगितले. खासगी निरोपांसाठी निराळी, हेतुपूर्वक घडविलेली सोय मूळ प्रणालीने ॲपांस दिलेली नाही, सबब हा आडमार्ग धरावा लागला, अशी त्याची तक्रार होती. जुलै २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझरने याहून चतुर युक्ती केली. खासगी म्हणून उघडलेल्या ब्राउझर-चौकटी रिकॉल टिपत नाही, हे ध्यानी घेऊन त्याने आपली प्रत्येक चौकट खासगीच आहे असे विंडोजला कळविण्यास प्रारंभ केला.

येथे 'खासगी' या शब्दाचा इतिहास आठवणे अप्रस्तुत होणार नाही. अरबी 'खास'पासून आलेला हा शब्द मराठीत प्रथम आला तो मालमत्तेचा आणि हिशेबाचा शब्द म्हणून. होळकरांच्या राज्यात 'दौलत' व 'खासगी' असे दोन वेगळे भाग होते. दौलत राज्याची, खासगी राजघराण्यातील स्त्रीच्या स्वतंत्र ताब्यातील. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा खर्च या खासगीतून होई. पुण्यात पेशव्यांच्या घरगुती कारभारावरील अधिकाऱ्यास 'खासगीवाले' म्हणत, व ते आडनाव अजून शहरात आहे. मनुष्याच्या एकांताचा, त्याच्या मनातील व पत्रातील गोष्टींचा अर्थ या शब्दास नंतर चिकटला. म्हणजे मराठीत एकांताचे नाव मालकीच्या नावातून निघाले. सिग्नलचा उपाय हा याच क्रमाची पुनरावृत्ती आहे. निरोपाच्या गुप्ततेस यंत्राच्या व्यवस्थेत स्वतःचे स्थान नव्हते. चित्रपटाच्या मालकीस ते होते. म्हणून गुप्ततेने मालकीचा अंगरखा पांघरला.

हा अंगरखा किती टिकाऊ आहे, याविषयीही सावध राहणे बरे. एखादी चौकट पडद्याच्या चित्रातून वगळण्याची आज्ञा विंडोजमध्ये २००९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून आहे, आणि २०२० पासून ती चौकट चित्रात मुळीच न दिसावी असाही पर्याय तीत आहे. परंतु या आज्ञेने मजकुराचे काटेकोर रक्षण होईल अशी हमी नाही, पडद्याचे कोणी छायाचित्र काढल्यास ती काही करू शकत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक माहितीत म्हटले आहे. २००५ च्या प्रकरणानंतर ज्या हाताविरुद्ध पुण्यातील कार्यालयांनी नियम केले, तो हात अर्थातच कायम आहे.

मोबाइलच्या जगात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. अँड्रॉइड प्रणालीत आपली चौकट टिपली जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार ॲपांस पहिल्या आवृत्तीपासूनच होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एका ॲपास वापरणाऱ्याच्या संमतीने सर्व पडदा टिपण्याची मुभा मिळाली, तेव्हा या अधिकाराचे मोल कळले. बँकेच्या ॲपाचे चित्र घेऊ जाता मोबाइल नकार देतो, हा अनुभव सर्वांस आहे. तो याच अधिकाराचा परिणाम होय. आयफोनवर २०१७ पासून पडदा टिपण्याची सोय प्रणालीतच आली. तेथे टिपणे चालू असल्याची वर्दी ॲपास मिळते, आणि काय झाकावयाचे ते त्याने ठरवावयाचे असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दूरस्थ नियंत्रणाच्या ॲपांद्वारे ग्राहकांच्या मोबाइलचा ताबा घेऊन होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले. भामटा ग्राहकाकडूनच आपला पडदा दुसऱ्यास दाखविण्याची संमती मिळवितो, हा त्या फसवणुकीचा गाभा होता. अशा ठिकाणी वापरणाऱ्याच्या संमतीपेक्षा ॲपाचा नकार ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडतो. संमती हीच सर्वोच्च मानणाऱ्या विचारसरणीस हे उदाहरण अडचणीचे आहे.

तथापि झाकण्याची किंमत असते, आणि ती बहुधा ज्याचा काही दोष नाही त्यास भरावी लागते. सिग्नलने हा उपाय जाहीर करतानाच मान्य केले की, अंध वा अल्पदृष्टी व्यक्ती वापरतात त्या पडदावाचक व अक्षरे मोठी करणाऱ्या साधनांस यामुळे अडथळा होऊ शकतो. काही साधने पडद्याचे चित्र घेऊनच त्यातील मजकूर मोठा करून दाखवितात किंवा वाचून दाखवितात. त्यांच्या आणि हेरगिरी करणाऱ्या साधनाच्या कृतीत यंत्रास भेद दिसत नाही. म्हणून ही सुरक्षा बंद करण्याची सोय ठेवावी लागली, व ती चुकून बंद होऊ नये म्हणून मध्ये इशारा घातला गेला. ज्याची दृष्टी धड आहे त्यास गुप्तता विनासायास मिळते. ज्याची नाही त्यास गुप्तता आणि वाचन यांतून एकाची निवड करावी लागू शकते. या अन्यायाचा दोष सिग्नलकडे जात नाही. प्रणालीने वेगळी सोय दिली असती तर तो टळण्याजोगा होता.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने हीच किंमत फार मोठ्या प्रमाणात मोजली आहे. सांकेतिक लिप्यांमुळे महानुभावांचे ग्रंथ सुरक्षित राहिले, पण ते मराठी समाजास जवळजवळ पाच शतके अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे, यशवंत खुशाल देशपांडे आदींनी या वाङ्मयाचा परिचय करून दिला. तेव्हा मराठी गद्याचा आरंभ कोठे होतो याविषयीच्या कल्पना मुळापासून बदलल्या. मधल्या काळात या पंथाविषयी कितीतरी गैरसमज पसरले. त्या गैरसमजांस उत्तर देणारे ग्रंथ पंथाजवळ होते. पण ते परक्यांस वाचता येत नव्हते. शत्रूची दृष्टी अडविणाऱ्या लिपीने संभाव्य मित्राचीही अडविली. ग्रंथ राखावेत म्हणून घातलेले कुलूप पंथाची बाजू मांडण्यास आड आले, ही घटना गुप्ततेच्या कैवाऱ्यांनी दृष्टीआड करू नये.

इतिहासाच्या अभ्यासकाची या वादातील स्थितीही काहीशी अवघडलेली आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. त्याचे सर्व भांडवल दुसऱ्यांच्या न फाडलेल्या पत्रांचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकीर्दी, हिशेब, घरगुती पत्रे ही आपल्या हाती पडावीत अशी लिहिणाऱ्यांची कल्पनाही नव्हती. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, आणि त्यांत पेशव्यांच्या खासगी जीवनासही स्वतंत्र जागा दिली. त्या खंडांवाचून अठराव्या शतकातील मराठी कुटुंबाचा इतिहास लिहिणे अशक्य झाले असते. रिकॉल ही एका अर्थी आपोआप लिहिली जाणारी रोजकीर्दच आहे. मात्र रोजकीर्द लिहिणारा कारकून काय लिहावे व काय वगळावे याचा विवेक करीत असे, आणि ती वाचली गेली ती लिहिणारे व ज्यांच्याविषयी लिहिले ते सर्व काळाच्या उदरात गेल्यानंतर. दोनशे वर्षांचे अंतर हा इतिहासाच्या वाचनातील एक प्रकारचा पडदाच होता. आजच्या नोंदीस दोन दिवसांचेही अंतर नाही.

नोंदीची बाजू घेणारा दुसरा पक्ष तपासयंत्रणेचा. ज्या महिन्यात सिग्नलने आपली पडद्याची सुरक्षा जाहीर केली, त्याच मे २०२५ मध्ये खराडीतील एका इमारतीत चाललेल्या बनावट कॉल सेंटरवर पुणे पोलिसांनी छापा घातला. तेथून अमेरिकेतील नागरिकांना खोट्या कारवाईची भीती घालून पैसे उकळले जात असल्याचा आरोप होता. अशा गुन्ह्यात कोणत्या यंत्रावर कोणत्या क्षणी काय दिसत होते, याची साखळी हाती आल्यास तपास किती सोपा होईल, हे सांगावयास नको. हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तो पूर्णत्वास नेला तर एका खोलीतील भामट्यांसाठी शेजारच्या मनोऱ्यांतील सर्व प्रामाणिक पडद्यांची रोजकीर्द ठेवावी लागेल, आणि त्या रोजकीर्दी हाच पुढील भामट्यांस हवा असलेला खजिना ठरेल. शिवाय भामटा ही सोय आधी बंद करील, प्रामाणिक मनुष्य ती तशीच राहू देईल, हेही उघड आहे.

भारतीय कायदा या ठिकाणी कोठवर पोचतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मालमत्तेच्या अंगाने आलेल्या 'खासगी' शब्दास व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा अर्थ भारतीय विधिव्यवस्थेत याहून ठामपणे क्वचितच मिळाला असेल. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा ठरला. या अधिनियमाच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान व व्यापारी गुपितांची चोरी टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या माहितीचा वापर त्याच्या संमतीवाचून करण्याची वाट ठेवलेली आहे. खराडीतील कर्मचाऱ्याच्या पडद्याचा प्रश्न मुख्यतः या कलमाच्या अर्थावर ठरेल. रिकॉलपुरते पाहिल्यास, संस्थेच्या यंत्रावर व्यवस्थापकास ती परस्पर चालू करता येत नाही, कर्मचाऱ्याने स्वतः ती चालू करावी लागते, असे मायक्रोसॉफ्टने ठेवले आहे. पडद्याची चित्रे मालकाकडे पाठविणारी इतर साधने बाजारात आहेतच, व त्यांस असे बंधन नाही.

त्याच अधिनियमाचे तिसरे कलम या विषयाच्या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारे आहे. एखाद्या व्यक्तीने आपल्या वैयक्तिक वा घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती त्या कलमान्वये अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. समजा, अमरावतीहून एका बहिणीने खराडीत राहणाऱ्या भावास आपल्या आजाराविषयी निरोप पाठविला आणि तो आठवड्याने नाहीसा व्हावा अशी मुदत घातली. भावाने तो घरच्या संगणकावर वाचला. त्या संगणकात रिकॉल चालू करण्याची संमती भावाने दिली होती; बहिणीला कोणी विचारले नव्हते, व विचारण्याची तरतूदही नाही. भावाच्या ॲपात पडद्याची सुरक्षा चालू असेल तर निरोप मुदतीनंतर नाहीसा होईल. अक्षरे मोठी करणारे साधन नीट चालावे म्हणून त्याने ती बंद केली असेल, तर निरोपाचे चित्र त्याच्या यंत्रातील साठ्यात राहील. ती सुरक्षा बंद असल्याची वर्दी बहिणीच्या ॲपास मिळत नाही.